वाणात वाटलेली कादंबरी

जळगाव
रविवार, १२ एप्रिल १९९८

तीर्थस्वरूप पुष्पाअक्का यांस,

कुमुदचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. टेबलाखालचा वायरींचा गुंता सोडवून आत्ताच बाहेर आले, पाठ अजून सरळ झालेली नाही.)

“तू वस्तू हरावत नही वं, तू ती इतली जपीसन ठेवस का मंग तुलेच सापडत नही.” अक्का, हे तुम्ही मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात म्हणालात. तुम्ही चार दिवस माहेरपणाला आला होता. मी नवी सून, घरातलं कपाट माझ्या ताब्यात आलेलं, म्हणून त्याची किल्ली चोराच्या नजरेला पडू नये अशी डाळीच्या डब्यात खोल पुरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वरण तुम्ही लावलंत आणि पंगतीत किल्ली मामंजींच्या वाटीत निघाली. त्या वेळी मला तुमचा राग आला होता. पण इतक्या वर्षांनी कबूल करते की माझ्यावर लिहिलेलं एवढं चांगलं परीक्षण अजून कुठल्या मासिकात आलेलं नाही. या पत्रात जी हकिकत सांगणार आहे तीही याच जातीची आहे. फरक इतकाच, की या वेळी डाळीच्या डब्याऐवजी मी तुमचं घर निवडलं.

पण आधी तुमची खुशाली. गुडघा कसा आहे? सुकदेवचा फोन आला होता. तो म्हणाला, “मामी, आईला दवाखान्याचा जिना चढवत नाही, पण गच्चीवर कुरडया घालायला कोणाला न सांगता पोचते.” अक्का, त्या कुरडया सुनेला घालू द्या. वाकड्या होतील, पण तळल्यावर सगळ्याच फुलतात. आमच्याकडे ऊन असं आहे की दुपारी नळ सोडला तर पाणी पाहून चहाची पूड टाकावीशी वाटते. तुमचा भाऊ मोती ठीक आहे. दुकानात ठिबकच्या नळ्यांचा हंगाम चालू असल्याने तो घरी फक्त जेवायला आणि पंख्याबद्दल तक्रार करायला येतो.

आता कॉम्प्युटर. हा प्राणी आमच्याकडे कसा आला ते तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांनी तो दुकानाच्या हिशेबासाठी घेतला, पण दुकानातल्या म्हाताऱ्या दिवाणजींनी त्याच्याकडे एकदा समोरून पाहिलं, एकदा मागून पाहिलं, आणि “याच्यात घडी घालून काखेत मारता येईल असं काही दिसत नाही,” म्हणून त्याला कायमचा रामराम केला. मग तो घरी आला. महिनाभर त्याच्यावर जुन्या साडीचं झाकण होतं (पाहुणे त्याला शिवणयंत्र समजत), आणि मग मी माझी कादंबरी त्याच्यावर उतरवायला घेतली. दुकानाच्या पाठकोऱ्या बिलांवर लिहिलेली ती कादंबरी एकेक पान टाइप करत गेले आणि टाइप झालेलं पान दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या बंबात जात गेलं. ह्यांनी, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या मोतीभाऊंनी, माझ्या साहित्याचा एवढाच नियमित उपयोग केला. वाचलं कधी नाही, पण ऊब मात्र रोज घेतली.

दिवाळीनंतर चुडामण आला. हा आमच्या गल्लीच्या टोकाचा कॉम्प्युटरवाला. पूर्वी विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचा, त्यामुळे अजूनही कॉम्प्युटर उघडला की आधी वास घेतो. त्याने आमच्या मशीनमधली जुनी सिस्टिम काढली आणि नवी विंडोज पंच्याण्णव घातली. पडदा निळा झाला, डाव्या कोपऱ्यात केराची एक छोटी टोपली आली, आणि मला घरात रंग दिल्यासारखं वाटलं. जाताना तो उंबऱ्यावरून म्हणाला, “वहिनी, नवीन सिस्टिम टाकलीय, आता एकदा बॅकअप घेऊन ठेवा. आणि बॅकअप एका घरात ठेवू नका बरं. आग लागली, चोरी झाली, तर दोन्ही जातं.” एवढं बोलून तो स्कूटरवर बसून गेला. अक्का, मला कोणी उंबऱ्यावरून काही सांगितलं की ते मी फार मनावर घेते. बसून सांगितलं असतं तर कदाचित दोन प्रश्न विचारले असते.

मी दहा फ्लॉप्यांचा डबा आणवला. फ्लॉपी म्हणजे तुमच्याकडे आहे तीच, काळी चपटी चौकोनी, एका कडेला सरकता पत्रा. कादंबरीची प्रकरणं दहा, फ्लॉप्या दहा. हा मला ईश्वरी संकेत वाटला, आणि मी एकेका फ्लॉपीत एकेक प्रकरण भरलं. (अख्खी कादंबरी एकाच फ्लॉपीत मावून वर आमटीभाताला जागा उरली असती, हे मला चुडामणने फार उशिरा सांगितलं. पण लिंबाचं लोणचं आणि साखरांबा एकाच बरणीत भरायचा संस्कार आपल्यावर कोणी केलाय?) भरून झाल्या, आणि प्रश्न पडला तो वेगवेगळ्या घरांचा. कोणाकडे ठेवायच्या? नुसत्या ठेवायला दिल्या तर बायका चार दिवसांनी विसरतील, मुलं पत्रा ओढतील, रद्दीवाला येईल. आपली वस्तू परक्या घरात वर्षानुवर्षं सुरक्षित राहावी असा मार्ग कोणता? आणि तेवढ्यात संक्रांत आली.

तुम्ही हसणार हे मला इथून दिसतंय. हो, मी तेच केलं. गेल्या वर्षी प्लास्टिकच्या साबणदाण्या लुटल्या होत्या, त्याआधी चहाच्या गाळण्या. या वर्षी खणाच्या दहा पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत एक फ्लॉपी घातली, वरून एकदमच सगळ्यांना हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि कादंबरी वाणात लुटली. माझा हिशेब सरळ होता. वाण कोणी फेकत नाही, कोणी परत करत नाही, आणि वापरायचं कळलं नाही तर उलट जास्तच जपून ठेवतं. बँकेच्या लॉकरलाही एवढी शिस्त नसते. शेजारच्या लताबाईंनी पिशवीतून फ्लॉपी काढून खिडकीतल्या उन्हासमोर धरली, आणि “पलीकडचं काही दिसत नाही गं,” म्हणाल्या. भिसीतल्या बेबाबाईने विचारलं, “याच्यात काय घालायचं असतं?” मी म्हटलं, “घातलंय आधीच.” त्यावर तिने ती हलवून पाहिली. मोतीभाऊ दारात चपला घालत होते. ते म्हणाले, “लोकांच्या बायका स्टीलच्या वाट्या देतात. ही माझी बायको संसाराला न लागणारं साहित्य देते.” हा त्यांचा माझ्या हयातीतला पहिला वाङ्मयीन विनोद, म्हणून इथे नोंदवते.

नऊ पिशव्या जळगावातच गेल्या. दहावी घेऊन मी रथसप्तमीच्या आत एसटीने धुळ्याला आले. पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

त्या दिवशी तुमच्या सूनबाईचं हळदीकुंकू होतं. पुढच्या खोलीत बायका, अत्तर, तिळगूळ, नव्या पातळांची सळसळ. आणि तुम्ही मागच्या खोलीत दार लोटून तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. सुकदेवचे नाना गेले तेव्हापासून अशा दिवशी तुम्ही स्वतःच उठून आत जाता, कोणी जा म्हणायच्या आधी. सूनबाई म्हणाली, “मामी, मी किती वेळा म्हटलं, बसा इथेच. ऐकत नाहीत.” मी आत आले. अक्का, मी लेखिका म्हणवते. माझ्या गोष्टींतल्या बायका फार धीट असतात; एकीने तर भर मांडवात सासऱ्याला उभ्याने सुनावलं आहे. धुळ्याच्या बसमध्ये मी एक वाक्य पाठ करत आले होते, “अक्का, हे वाण आहे आणि ते तुमचं आहे.” पण तुम्ही शेंगांवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलंत, आणि ते वाक्य जिथे पाठ केलं तिथेच कुठेतरी पारोळ्याच्या आसपास उतरून गेलं असावं. मी पिशवी पुढे केली आणि म्हणाले, “हा बॅकअप आहे. ठेवून घ्या.”

“हाई काय शे?” तुम्ही विचारलंत.

“कॉम्प्युटरचं आहे.”

“मंग याले कुंकू काब्र लायेल शे?”

कुंकू का लावलंय, याचं उत्तर मला देता आलं असतं. मी म्हणाले, “सगळ्यांना एकदमच लावलं, तुमच्या पिशवीलाही लागलं.” जणू चुकून सांडलं. तुम्ही शेंगांची टरफलं मांडीवरून झटकलीत, हात पदराला पुसलेत, पिशवी घेतलीत, आणि मला म्हणालात, “चहा लेस का?” मी चहा घेतला. परतीच्या बसमध्ये मला माझी एवढी लाज वाटली की शेजारच्या बाईने मला उलटी होतेय की काय म्हणून खिडकीची जागा दिली.

आता कॉम्प्युटरच्या बाजूची शोकांतिका. लोणचं बरण्यांत भरून झालं की आपण परात घासून पालथी घालतो. भरलेली परात ओट्यावर ठेवून कोणी झोपायला जातं का? माझ्या मते बॅकअप म्हणजे बरण्या आणि मशीन म्हणजे परात. शिवाय नवी सिस्टिम जाड पाहुण्यासारखी ऐसपैस बसली होती आणि जागा कमी असल्याची सूचना सारखी देत होती. तेव्हा मी कादंबरीचा अख्खा कप्पा पुसून टाकला. तो गेला त्या कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीत. इथेही मी वाचले असते! चुडामण म्हणतो, टोपलीतून परत काढता येतं, म्हणूनच ती दिलेली असते. पण अक्का, संध्याकाळ होत आली होती, दिवे लागायची वेळ, आणि घरात केर भरलेला. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, हे सासूबाईंनी मला शिकवलं आणि मी ते एकदाही मोडलेलं नाही. मी दिवा लावायच्या आधी टोपली रिकामी केली, हात धुतले आणि तुळशीला नमस्कार केला.

मार्चमध्ये पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र आलं. कादंबरी स्वीकारली आहे (त्यांनी पहिली तीन प्रकरणं मागेच वाचली होती), संपूर्ण मजकूर एप्रिलअखेर पाठवा, उशीर झाला तर पुढच्या वर्षावर जाईल. मी साखर वाटली. मग मशीन उघडलं. ते इतकं स्वच्छ होतं की माझं मलाच कौतुक वाटलं, आणि मग कळलं, त्या स्वच्छतेत कादंबरीही गेली आहे. चुडामणला बोलावलं. त्याने सवयीने वास घेतला आणि म्हणाला, “वहिनी, बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. पहिली मशीनमध्ये राहू द्यायची असते.” मी म्हटलं, “मग हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “हेही सांगावं लागतं हे मला कुठे माहीत होतं?”

मग मी वाण परत मागायला निघाले. जगात यापेक्षा हलकं काम नाही. लताबाईंच्या दारात उभी राहून विषय काढला तर त्या एक पाऊल मागे सरकल्या. “वाण परत? काय गं कुमुद, कोणाच्या कुंकवावर उठलीस?” मी रडकुंडीला येऊन म्हटलं की नेणार नाही, फक्त त्याच्यातलं उतरवून घेईन, वाण तुमचं तुम्हाला. तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मी स्वतः घेऊन येईन. वाणाला एकटं सोडायचं नाही.” आणि त्या आल्याच, आणि त्यांचं पाहून इतरही आल्या. माझ्या घरात दुपारभर बायका मांडीवर खणाच्या पिशव्या घेऊन दवाखान्यात बसाव्यात तशा बसल्या होत्या. चुडामण एकेक फ्लॉपी घेई, उतरवी, परत देई. “माझ्यात काय आहे, वाच की,” असं प्रत्येकीचं म्हणणं. लताबाईंच्या फ्लॉपीत नायिकेचा नवरा घर सोडून जातो. ते ऐकून त्या इतक्या चिडल्या की हे बदलून दुसरं प्रकरण दे म्हणू लागल्या. बेबाबाईने आपली फ्लॉपी फ्रिजच्या दारावर, मागे लोहचुंबक असलेल्या शोभेच्या केळ्याने चिकटवून ठेवली होती (बायांना दिसावं म्हणून, बिचारीचं प्रेम), त्यामुळे तिच्यातलं प्रकरण पार पुसलं गेलं. त्या प्रकरणात मी एक लग्न लावलं होतं. आठवून पुन्हा लिहायला बसले तर लक्षात आलं, त्या लग्नाशिवाय कादंबरीचं काहीच अडत नाही. एका केळ्याने माझं एवढं नेटकं संपादन केलं.

राहिलं दहावं, शेवटचं. ते तुमच्याकडे. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणून सगळ्यांत भरवशाच्या घरी दिलं होतं. मी सुकदेवला फोन केला, म्हटलं, तिथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नेऊन तेवढी प्रत काढून पाठव. त्याने तुम्हाला विचारलं आणि दुसऱ्या दिवशी पडेल आवाजात फोन केला. “मामी, आई म्हणते, वाण परत देत नसतात. देवघरात ठेवलंय. मला हात लावू देत नाही.”

म्हणजे ते वाणच आहे हे तुम्हाला कळलं होतं. मला म्हणता आलं नाही ते तुम्ही त्या दिवशी टरफलं झटकता झटकता कळून घेतलं होतं. मोतीभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, “अक्काने नाही म्हटलं ना? मग त्याच्यावर कोर्ट नाही.”

अक्का, प्रत काढणं म्हणजे नेणं नव्हे. तुम्ही शेजारणीला विरजण देता, म्हणून तुमचं दही कमी होतं का? फ्लॉपी जागची हलली तरी तिच्यातलं तिच्यातच राहतं. प्रकाशकांची मुदत तोंडावर आहे. शेवटचं प्रकरण आठवून लिहायचा मी प्रयत्न केला, पण वाक्यं येतात ती सगळी भाषणासारखी. म्हणून तुमचा नियम मला मान्य असूनही हे लांबलचक पत्र. सूनबाईला, सुकदेवला आशीर्वाद. उन्हात डोक्याला ओला पंचा बांधा. काही चुकलं असेल तर पोटात घाला. आजवर घातलंत त्यात एवढं आणखी.

तुमची भावजय,
कुमुद

ता. क. मुद्दा राहिलाच. सुकदेवला हात लावू देत नाही तर नका देऊ. लताबाईंसारखं तुम्हीच वाण घेऊन जळगावला या. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तोंडावर आहे. सगळ्या लेकी माहेरी येतात, तुम्हीही नाना होते तोवर दरवर्षी यायचात, गौराईची गाणी म्हणायचात आणि माझ्या सांजोऱ्यांना नावं ठेवायचात. चुडामण दहा मिनिटांत प्रत काढील. पिशवी तुमच्या मांडीवरून हलणारही नाही.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालून डिंक लावणार तेवढ्यात मोतीभाऊंनी आतून हाक मारली. रविवार म्हणून ते कॉम्प्युटरवर नळ्यांचे भाव बघायला बसले होते. भावांच्या कप्प्यात माझं शेवटचं प्रकरण पडलेलं निघालं. पहिल्यांदा साठवताना मी ते भलत्याच ठिकाणी ठेवलं असणार. कादंबरीचा कप्पा पुसला तेव्हा ते तिथे नळ्यांमध्ये सुखरूप होतं. मी धावत गेले. ते तसेच खुर्चीत बसून होते. “वाचलं?” मी विचारलं. ते म्हणाले, “वाचलं. दार लोटून आत बसते ती अक्का आहे ना?” मग चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, “नळ्यांचे भाव मात्र सापडले नाहीत.”

तेव्हा आता फ्लॉपीची गरज उरलेली नाही. प्रकरण उद्या पुण्याला जाईल. हे पत्र फाडून टाकावं असं मनात आलं, पण मग तुम्हाला बोलवायला दुसरं कोणतं निमित्त काढू? वाण तुमचंच आहे, ते मी तुम्हालाच दिलं होतं, जाणूनबुजून, आणि कुंकू चुकून लागलेलं नाही. ते देवघरात राहू द्या. तुम्ही तेवढ्या या. मोतीभाऊ तुम्हाला माहेरी आणायला मुराळी म्हणून निघायला तयार आहेत; आज त्यांनी आपण होऊन धुतलेला सदरा मागितला. तुम्ही “आते काय मनं माहेर” म्हणाल, गुडघा पुढे कराल, कुरडया पुढे कराल, आणि सरळ नाही म्हणाल, हे मला माहीत आहे. तरी विचारते. पाठवू का त्यांना, आखाजीच्या आदल्या दिवशी?